मिररलेस कॅमेरा, साधननिवड आणि छायाचित्रांचे आदानप्रदान : नांदेड-लातूर परिसरातील हौशी छायाचित्रणाच्या संदर्भात

बीजसंज्ञा : मिररलेस कॅमेरा, हौशी छायाचित्रण, साधननिवड, माउंट, एक्झिफ, दस्तऐवजीकरण, मराठवाडा.

प्रस्तावना :

नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमारास खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, लाल कंधारी आणि देवणी जातीची जनावरे, वाघ्या-मुरळी, तमाशाचे फड आणि उधळलेला भंडारा यांमुळे छायाचित्रकाराच्या दृष्टीने मराठवाड्यात या यात्रेला तोड नाही. भाविक आणि व्यापारी यांच्याबरोबरच गळ्यात कॅमेरा अडकवून फिरणारा एक वर्ग अलीकडे या यात्रेत सहज ओळखू येतो. प्राध्यापक, डॉक्टर, अभियंते, बँकेतील कर्मचारी अशा मंडळींचा हा वर्ग असून त्यांची उपजीविका छायाचित्रणावर अवलंबून नाही. रविवारची सुट्टी आणि बचतीतील काही रक्कम एवढेच त्यांचे भांडवल असते. होट्टलचे सिद्धेश्वर मंदिर, कंधारचा किल्ला, किनवटचे जंगल, विष्णुपुरीचा जलाशय, लातूरची गंजगोलाई, औसा व उदगीर येथील किल्ले ही त्यांची नेहमीची क्षेत्रे होत.

या मंडळींच्या चर्चेत दोन प्रश्न सातत्याने येतात. कोणता कॅमेरा घ्यावा, हा पहिला. काढलेला फोटो कुठे टाकावा, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर महिनोन्‌महिने खल होतो, तुलनात्मक चित्रफिती पाहिल्या जातात, हैदराबाद-पुण्याच्या दुकानांत भाव विचारले जातात. दुसरा प्रश्न मात्र घरी परतताना गाडीत बसल्या बसल्या, अंगठ्याच्या एका हालचालीने निकाली निघतो. वास्तविक पाहता हे दोन प्रश्न परस्परांपासून वेगळे नाहीत. छायाचित्र कोठे, किती आकारात आणि किती काळ पाहिले जाणार आहे, यावरच साधनाची योग्यायोग्यता ठरते. व्यवहारात हा क्रम उलटा झालेला आहे. त्यामुळे हौशी व्यक्तीचे आर्थिक नुकसान होतेच, शिवाय परिसराचेही एक नुकसान होत असते व ते अधिक गंभीर आहे. प्रस्तुत लेखात या उलट्या क्रमाचे विवेचन करण्यात आले आहे.

मिररलेस म्हणजे नेमके काय ?

रोलच्या काळापासून प्रचलित असलेल्या एसएलआर आणि पुढे डीएसएलआर कॅमेऱ्यात भिंगामागे पंचेचाळीस अंशांत एक आरसा बसविलेला असतो. भिंगातून आलेला प्रकाश त्यावरून परावर्तित होऊन डोळ्यापर्यंत पोहोचतो. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. मिररलेस कॅमेऱ्यात हा आरसा काढून टाकलेला आहे. प्रकाश सतत सेन्सरवरच पडतो आणि सेन्सरला जे दिसते तेच मागील पडद्यावर अथवा डोळ्याजवळच्या लहान इलेक्ट्रॉनिक पडद्यावर दाखविले जाते. छायाचित्र उजळ येणार की काळवंडणार, हे बटण दाबण्यापूर्वीच कळते. नवशिक्यासाठी हा मोठाच लाभ आहे.

भिंग बदलता येणारा या पद्धतीचा पहिला लोकप्रिय कॅमेरा म्हणजे पॅनासॉनिकचा ल्युमिक्स जी-१. तो २००८ मध्ये आला. नांदेडकरांच्या दृष्टीने हे वर्ष गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्याचे. त्या सोहळ्याची असंख्य छायाचित्रे डीएसएलआर, लहान डिजिटल कॅमेरे आणि काही प्रमाणात रोलवरही टिपली गेली. मिररलेस हा शब्द तेव्हा येथे कोणाच्या कानावर पडलेला असणे अवघडच. पुढे २०१३ मध्ये सोनीने पूर्ण आकाराच्या सेन्सरचा ए-७ आणला आणि २०१८ मध्ये निकॉन व कॅनन यांनी अनुक्रमे झेड आणि आर या मालिका सुरू करून आपली दिशा स्पष्ट केली. जपानमधील कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये मिररलेस कॅमेऱ्यांची वार्षिक पाठवणी डीएसएलआरपेक्षा अधिक झाली. आज नवा कॅमेरा घेऊ पाहणाऱ्यापुढे पेंटॅक्ससारखा अपवाद वगळता नव्या आरशाच्या कॅमेऱ्याचा पर्याय व्यवहारतः उरलेला नाही.

साधननिवड : कंपनीपेक्षा माउंट महत्त्वाचा

हौशी मंडळींमध्ये निवडीची चर्चा बहुधा बॉडीभोवती फिरते. किती मेगापिक्सेल, सेकंदाला किती फ्रेम, पक्ष्याचा डोळा ओळखतो की नाही, इत्यादी. बॉडी मात्र चार-पाच वर्षांत जुनी होते. टिकते ते भिंग, आणि भिंग कोणत्या बॉडीला बसणार हे माउंटवरून ठरते. म्हणून कॅमेरा खरेदी करताना ग्राहक खरे तर एका माउंटच्या घराण्यात प्रवेश करीत असतो. हे घराणे टिकेल काय, असा प्रश्न क्वचितच विचारला जातो. सॅमसंगने आपली एनएक्स मालिका मध्येच सोडून दिली. निकॉन-१ ही मालिका २०११ मध्ये सुरू होऊन २०१८ मध्ये संपली. कॅननची २०१२ मध्ये आलेली ईओएस-एम मालिका २०२३ मध्ये बंद झाली आणि तिची भिंगे पुढील आर मालिकेला बसत नाहीत. ज्यांनी बचत मोडून ही भिंगे घेतली होती त्यांच्या हाती आज चांगल्या स्थितीतील, पण पुढे वाट नसलेले साहित्य आहे.

दुसरी बाब तिसऱ्या कंपनीच्या भिंगांची. सोनीच्या ई-माउंटसाठी सिग्मा आणि टॅमरॉन यांची तुलनेने स्वस्त भिंगे दीर्घकाळ मिळत आहेत. कॅननच्या आरएफ माउंटवर मात्र या दोन कंपन्यांची भिंगे २०२४ पर्यंत आलेली नव्हती. मासिक वेतनातून हौस भागविणाऱ्याच्या दृष्टीने सेकंदाला दहा फ्रेम की पंधरा फ्रेम, यापेक्षा हा भेद अधिक निर्णायक ठरतो. डिजिटल कॅमेऱ्यावरील वस्तू व सेवा कर २०१९ च्या प्रारंभी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला हे खरे. तथापि नव्या बॉडीची किट लेन्ससह सुरुवातच अर्ध्या लाखाच्या आसपास होते आणि पक्ष्यांसाठी लांब पल्ल्याचे भिंग घ्यावयाचे झाल्यास बॉडीपेक्षा भिंगालाच अधिक पैसे पडतात.

सेन्सरचा आकार हा वादाचा आणखी एक विषय. पूर्ण आकाराचा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो. एपीएस-सी सेन्सर साधारणतः २३.५ × १५.६ आणि मायक्रो फोर थर्ड्‌स १७.३ × १३ मिलिमीटरचा असतो. मोठ्या सेन्सरला अंधुक प्रकाशात लाभ मिळतो. देवळाच्या गाभाऱ्यात किंवा रात्रीच्या फडावर हा फरक जाणवतो, हे नाकारता येणार नाही. परंतु विष्णुपुरीच्या जलाशयावर सकाळी पक्षी टिपणाऱ्याला लहान सेन्सरच उपकारक ठरतो, कारण एपीएस-सीवर तीनशे मिलिमीटरचे भिंग साडेचारशेसारखे आणि मायक्रो फोर थर्ड्‌सवर सहाशेसारखे दृश्य देते. 'फुल फ्रेम' या शब्दाला हौशी वर्तुळात जी प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे तिचा संबंध छायाचित्रापेक्षा इतर गोष्टींशीच अधिक असावा, असे वाटते.

मराठवाड्याच्या हवामानाचा विचार तुलनात्मक चित्रफितींत नसतो, तो येथे करावा लागतो. मिररलेस कॅमेऱ्याचे भिंग काढले की अनेक बॉडींमध्ये सेन्सर उघडाच समोर येतो. आरशाचा आडोसा नसतो. माळेगावच्या घोडेबाजारात उडणारी धूळ आणि भंडारा यांत भिंग बदलणे म्हणजे सेन्सरवर डाग ओढवून घेणे होय. तेथे एकच मध्यम पल्ल्याचे झूम भिंग लावून जाणे आणि ते घरी येईपर्यंत न काढणे हा साधा उपाय महागड्या प्राइम भिंगांच्या संचापेक्षा उपयुक्त आहे. बॅटरीचेही तसेच. पडदा सतत चालू राहत असल्याने सामान्य मिररलेस बॉडीची बॅटरी प्रमाणित मोजणीनुसार तीनशे ते चारशे छायाचित्रांपर्यंत पुरते, तर सामान्य डीएसएलआरची सहाशे ते हजारापर्यंत पुरत असे. यात्रेला जाताना दुसरी बॅटरी खिशात असावीच लागते. आवाजरहित शटर हा मिररलेसचा आणखी एक गुण. गुरुद्वाऱ्यातील कीर्तनात किंवा सप्ताहात, जेथे छायाचित्रणास परवानगी असेल तेथे, कोणाचीही एकाग्रता न मोडता काम करता येते. मात्र याच शटरने वेगात फिरणाऱ्या हलगीच्या काड्या किंवा धावत्या घोड्याचे पाय वाकडे उमटू शकतात आणि रंगमंचावरील एलईडी दिव्यांखाली छायाचित्रावर आडवे पट्टे येतात. सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्यामुळे असे होते. अशा ठिकाणी यांत्रिक शटरवर परतणे श्रेयस्कर.

खरेदी आणि दुरुस्तीच्या दृष्टीने नांदेडचे स्थान वेगळे आहे. नांदेड रेल्वे विभाग दक्षिण मध्य रेल्वेत, म्हणजे सिकंदराबादच्या अखत्यारीत येतो आणि पुण्या-मुंबईपेक्षा हैदराबाद येथून जवळ पडते. मुंबईच्या बोरा बाजाराचे नाव सर्वांना ठाऊक असले तरी जुने-नवे साहित्य हाताळून पाहण्यासाठी येथील मंडळींना हैदराबाद अधिक सोयीचे ठरते. दुरुस्तीला दोन फेऱ्या पडणार हे गृहीत धरून निवड केली तर गुंतागुंतीच्या बॉडीचा मोह कमी होतो. या संदर्भात एक मत मोकळेपणाने मांडण्यास हरकत नाही. ज्यांच्याकडे सुस्थितीतील डीएसएलआर आणि दोन भिंगे आहेत त्यांनी केवळ काळाबरोबर राहण्यासाठी मिररलेसकडे वळण्याचे कारण नाही; आणि विद्यार्थ्याने सुरुवात करताना सेकंडहँड डीएसएलआर घेतला तर त्यात कमीपणा मानू नये.

कपाटातील जुनी भिंगे :

मिररलेसच्या बाजूने एक कारण मात्र असे आहे की, ज्याचा विचार विक्रेते सहसा सांगत नाहीत. आरसा नाहीसा झाल्याने भिंग आणि सेन्सर यांतील अंतर कमी झाले आहे. पेंटॅक्सच्या के-माउंटमध्ये हे अंतर सुमारे ४५.५ मिलिमीटर, निकॉनच्या एफ-माउंटमध्ये ४६.५ मिलिमीटर होते. सोनीच्या ई-माउंटमध्ये ते १८ आणि निकॉनच्या झेड-माउंटमध्ये १६ मिलिमीटर आहे. मधल्या फरकाएवढ्या जाडीचे साधे धातूचे कडे, म्हणजेच ॲडॅप्टर, बसविले की जुने भिंग आपल्या मूळ अंतरावर येते आणि अनंतापर्यंत फोकस होऊ शकते. या कड्यात काच नसते, त्यामुळे ते स्वस्त असते आणि चित्राच्या दर्जाला धक्काही लागत नाही.

एकेकाळी हौशी घरांतून पेंटॅक्स के-१०००, सोव्हिएत बनावटीचा झेनिट, निकॉनचे यांत्रिक कॅमेरे असत. बॉडी बंद पडली तरी भिंगे अनेकदा सुस्थितीत असतात. झेनिटबरोबर येणारे ५८ मिलिमीटरचे हेलिओस भिंग एपीएस-सी बॉडीवर लावल्यास ८७ मिलिमीटरसारखे दृश्य मिळते व व्यक्तिचित्रणासाठी ते उत्तम चालते. फोकस हाताने करावा लागतो, छिद्राचे कडे हातानेच फिरवावे लागते; पण पडद्यावर स्पष्ट झालेल्या कडा रंगीत रेषांनी दाखविण्याची सोय असल्याने हे काम आरशाच्या कॅमेऱ्यापेक्षा सोपे जाते. भिंगाच्या आत बुरशीचे जाळे दिसते काय, एवढे मात्र उजेडात धरून तपासावे. वडिलांच्या भिंगातून मुलीचा फोटो काढता येणे यात भावनेचा भाग आहे, तसाच काही हजारांच्या बचतीचाही आहे.

छायाचित्र जाते कुठे ?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळणे आवश्यक आहे. चोवीस मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० × ४००० बिंदूंचे चित्र देतो. हे चित्र व्हॉट्‌सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठविले असता त्याची लांब बाजू साधारणतः दीड ते दोन हजार बिंदूंपर्यंत खाली येते, म्हणजे मूळ माहितीपैकी दहा टक्क्यांच्या आसपास शिल्लक राहते. २०२३ मध्ये एचडी पर्याय आल्यानंतर स्थिती सुधारली, तरी तेथेही सुमारे पाव हिस्साच पोहोचतो. इन्स्टाग्रामवर दीर्घकाळ १०८० बिंदूंची रुंदी हीच मर्यादा राहिली आहे. महाविद्यालयाच्या सभागृहातील फुल एचडी प्रोजेक्टर १९२० × १०८० बिंदू दाखवितो, म्हणजे सुमारे दोन मेगापिक्सेल. छपाईची गोष्ट वेगळी. बारा बाय अठरा इंचांचा प्रिंट इंचाला तीनशे बिंदू या दराने काढावयाचा तर ५४०० × ३६०० बिंदू लागतात. येथे चोवीस मेगापिक्सेलचा कस लागतो. व्हॉट्‌सॲपवरून आलेल्या सोळाशे बिंदूंच्या चित्राचा त्याच दराने प्रिंट काढल्यास त्याची लांबी सव्वापाच इंच भरते.

या गणिताचा अर्थ उघड आहे. ज्याची छायाचित्रे केवळ समूहात आणि स्टेटसवर जाणार आहेत त्याने जुना बारा मेगापिक्सेलचा कॅमेरा बदलून पंचेचाळीस मेगापिक्सेलचा घेतला तरी पाहणाऱ्याला काहीही फरक कळणार नाही. अनेकदा फोन पुरेसा ठरतो. उलट ज्याला वर्षातून एकदा, १९ ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनी, महाविद्यालयात प्रदर्शन भरवावयाचे आहे, त्याने बॉडीवरचा खर्च थोडा आवरून वीस मोठे प्रिंट आणि माउंटबोर्ड यांसाठी पैसे राखून ठेवणे शहाणपणाचे.

स्पर्धात्मक सलोन हा तिसरा मार्ग. मुंबईतील फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९३७ पासून कार्यरत आहे आणि फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी १९५३ पासून. या संस्था, तसेच आंतरराष्ट्रीय पातळीवर फियाप, यांच्या मान्यतेने होणाऱ्या सलोनमध्ये स्वीकृत छायाचित्रांच्या संख्येवर आधारित पदव्या मिळतात. शिस्त लागण्यासाठी, परखड परीक्षण होण्यासाठी हा मार्ग चांगला आहे. परंतु परीक्षकांना काय आवडते याचा अंदाज बांधत धुक्यातील बैलगाडी, कंदील धरलेले म्हातारे हात आणि चुलीसमोरची धुराची रेषा पुन:पुन्हा रचून काढण्याकडे कल वाढतो, हेही नमूद करावे लागेल. अशा रचलेल्या चित्रांत गाव दिसते. कोणते गाव ते दिसत नाही.

आकार कमी होण्यापेक्षा मोठे नुकसान आणखी एक आहे. प्रत्येक डिजिटल छायाचित्राच्या फाइलमध्ये एक्झिफ नावाची माहिती दडलेली असते. चित्र कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या कॅमेऱ्याने आणि भिंगाने टिपले याची नोंद तेथे आपोआप होते. जोडणी असल्यास अक्षांश-रेखांशही येतात. व्हॉट्‌सॲपवरून सामान्य रीतीने पाठविताना ही माहिती गळून पडते. पाहणाऱ्याच्या अँड्रॉइड फोनमध्ये फाइलला जे नवे नाव मिळते त्यातील तारीख चित्र टिपल्याची नसून ते मिळाल्याची असते. होट्टलच्या मंदिरावरील एखाद्या शिल्पाचे २०१५ मधील छायाचित्र २०२४ मध्ये पुढे पाठविले गेल्यास ते २०२४ चेच भासते. शिल्पाची झीज केव्हा झाली, जीर्णोद्धारापूर्वी त्याची स्थिती काय होती, हे पुढील अभ्यासकाला ठरविता येत नाही. छायाचित्रकाराचे नाव तर पहिल्या दोन फॉरवर्डमध्येच नाहीसे होते.

येथे प्राध्यापकवर्गाला एक विरोधाभास सहज लक्षात येईल. नॅकच्या मूल्यांकनासाठी वृक्षारोपणाचा, रक्तदान शिबिराचा आणि अतिथी व्याख्यानाचा जिओ-टॅग असलेला फोटो हवाच, असा आग्रह आज प्रत्येक महाविद्यालयात धरला जातो. तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश नसलेला फोटो पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही. तोच प्राध्यापक रविवारी आठ-नऊ शतकांपूर्वीच्या शिल्पाचा सुंदर फोटो काढतो आणि तारीख, स्थळ, नाव यांपैकी काहीही न ठेवता समूहात टाकून मोकळा होतो.

उपाय खर्चाचा नाही. चित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविल्यास मूळ आकार आणि एक्झिफ दोन्ही टिकतात. संगणकावरील सामान्य आज्ञावलीतून फाइलच्या आतच शीर्षक, गाव, तालुका आणि छायाचित्रकाराचे नाव लिहून ठेवता येते. २००४ पासून सुरू असलेल्या विकिमीडिया कॉमन्सवर चित्र चढविल्यास ते मूळ आकारात, एक्झिफसह, वर्णन व नावानिशी राहते आणि मराठी विकिपीडियावरील लेखांत वापरता येते. मात्र कॉमन्सवरील परवान्यानुसार ते चित्र कोणालाही, व्यापारी कामासाठीसुद्धा, श्रेय देऊन वापरता येते हे समजून घेऊनच ते चढवावे. ज्याला हे मान्य नसेल त्याने आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वर्षाकाठी एक हार्ड डिस्क जमा करावी. तीसुद्धा एक नव्हे, दोन ठिकाणी.

एक जुना दाखला :

छायाचित्र पोहोचते कसे आणि टिकते कसे यासाठी मराठवाड्यातच एक बोलके उदाहरण आहे. मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांना अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने नेमले. ते १८४४ पासून तेथे काम करू लागले. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. वर्षानुवर्षे खपून केलेल्या त्यांच्या मोठ्या तैलचित्रांपैकी बहुतांश लंडनजवळील सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये एकत्र मांडलेली होती आणि १८६६ च्या आगीत ती जळून गेली. गिल यांनी पुढे कॅमेरा हाती घेऊन अजिंठा-वेरूळ व इतर वास्तूंची छायाचित्रेही घेतली होती. ती १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह पुस्तकांतून प्रसिद्ध झाली. प्रत्येक चित्राखाली स्थळाचे नाव होते आणि प्रती अनेक ग्रंथालयांत विखुरल्या होत्या. ती छायाचित्रे आजही अभ्यासकांना उपलब्ध आहेत. तैलचित्रांसाठी लागलेले कष्ट कितीतरी अधिक होते. पण ती एकाच छताखाली होती.

पुढे सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार म्हणून लाला दीनदयाळ यांनी हैदराबाद संस्थानात जे काम केले त्याची ख्याती सर्वश्रुत आहे. संस्थानातील या मराठी जिल्ह्यांत सामान्य माणसाच्या हाती कॅमेरा येण्यास मात्र बराच काळ जावा लागला. भारतात तयार होणारा आग्फा क्लिक-थ्री हा अनेक घरांतील पहिला कॅमेरा. एका रोलवर बारा फोटो निघत. बारातून निवड करणाऱ्याची नजर आणि एका दुपारी बाराशे फ्रेम घेणाऱ्याची नजर सारखी असणार नाही. परंतु रोलच्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. त्या काळातही पाठीमागे तारीख आणि नाव लिहिलेले फोटो थोडेच असत.

चित्रातील माणसे :

माळेगावच्या फडावरील नर्तकी, मुरळी, बाजारातील भटक्या समाजातील बायामुले यांची छायाचित्रे सर्वाधिक पुढे पाठविली जातात आणि त्यांनाच त्याविषयी सर्वांत कमी विचारले जाते. लांब पल्ल्याचे भिंग आणि आवाज न करणारे शटर यांमुळे न विचारता टिपणे आता फार सोपे झाले आहे. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात स्पष्ट केले. कायद्याचा भाग बाजूला ठेवला तरी, टिपण्यापूर्वी किंवा टिपल्यावर लगेच 'मावशी, फोटो काढला, टाकू का कुठं?' एवढे विचारण्यास वेळ लागत नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच फडावर जाताना हातात त्यांच्यासाठी प्रिंट असला तर दार उघडे राहते. पक्ष्यांच्या बाबतीतही घरट्याचे नेमके ठिकाण जाहीर न करण्याचा संकेत पाळला जावा. येथे अक्षांश-रेखांश जपून ठेवावेत, पण वाटू नयेत.

स्टुडिओतील निगेटिव्ह :

मिररलेस कॅमेऱ्याचा एक उपयोग हौशी वर्तुळात अद्याप फारसा चर्चिला जात नाही, आणि नांदेड-लातूरच्या दृष्टीने कदाचित तोच सर्वाधिक निकडीचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारी भूकंप हा रोलच्या काळातील. त्या आधीची आणि नंतरची गावे, स्थलांतरापूर्वीची घरे, लग्ने, शाळांचे समूहफोटो हे सर्व निगेटिव्हवर आहे. कलर लॅब आणि पुढे डिजिटल आल्यानंतर जुने स्टुडिओ बंद होत गेले. जागा रिकामी करताना निगेटिव्हची पाकिटे रद्दीत जातात. कृष्णधवल निगेटिव्ह नीट ठेवल्यास दीर्घकाळ टिकते, रंगीत निगेटिव्हचे रंग मात्र हळूहळू उडत जातात. उन्हाळ्यात पत्र्याखाली तापणाऱ्या खोलीत हे अधिक लवकर घडते.

स्कॅनरने एकेक निगेटिव्ह उतरविणे वेळखाऊ असते. मिररलेस कॅमेरा खाली तोंड करून स्टँडवर बसवावा, जवळून टिपणारे मॅक्रो भिंग लावावे आणि खाली समान प्रकाश देणाऱ्या एलईडी फलकावर निगेटिव्ह सपाट ठेवून तिचे छायाचित्र घ्यावे. चोवीस मेगापिक्सेलच्या बॉडीने ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हची पूर्ण चौकट भरल्यास इंचाला चार हजारांहून अधिक बिंदू मिळतात. त्या काळच्या रोलमधील बहुतेक तपशील त्यात उतरतो. एका निगेटिव्हला काही सेकंद लागतात. भिंग जुने, हाताने फोकस करावयाचे असले तरी चालते, किंबहुना त्या काळातील मॅक्रो भिंगे या कामी उत्तम ठरतात. फुंकणी, हातमोजे आणि अंधारी खोली एवढे साहित्य कोणत्याही महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात मिळू शकते. हौशी छायाचित्रकाराची बॉडी, इतिहास विभागातील दोन विद्यार्थी आणि एक उन्हाळी सुट्टी यांतून एका स्टुडिओचे काम उभे राहू शकते.

हक्काचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार वेगळा करार नसल्यास मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक ते काढून घेणारा असतो. स्टुडिओवाल्याने स्वतःहून टिपलेल्या यात्रा, पूर, मिरवणुका यांचा हक्क त्याच्याकडे राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रांनाही छायाचित्रकाराच्या हयातीनंतर साठ वर्षे संरक्षण मिळते. म्हणून घरगुती समारंभांची पाकिटे त्या त्या कुटुंबाला विचारूनच उघडावीत आणि सार्वजनिक विषयांची पाकिटे स्टुडिओच्या मालकाच्या किंवा वारसाच्या लेखी संमतीने घ्यावीत.

पाकिटे हाताळताना निगेटिव्हइतकेच लक्ष पाकिटाकडे द्यावे. जुने स्टुडिओवाले पाकिटावर पेन्सिलीने क्रमांक, गिऱ्हाईकाचे नाव आणि गाव लिहीत, कधी केवळ 'पाटील, चार कॉपी, बाकी येणे' असे. निगेटिव्ह उतरविण्यापूर्वी प्रथम त्या पाकिटाचा एक फोटो घ्यावा, म्हणजे पुढची छत्तीस चित्रे कोणाची, कोणत्या गावची आणि कोणत्या सालची, हे फाइलींच्या क्रमातच कायम राहते.